मीटर नसलेल्या मोटरचे युनिट

पॉवर सिस्टीमच्या पेपरात ‘लॉसेस काढा’ म्हटलं की आपण डोळे मिटून लिहितो. जेवढी वीज सोडली त्यातून विकलेली वजा करा, उरले ते लॉसेस. चार मार्क खिशात! पण विकलेली वीज मोजलीच नसेल तर? हा प्रश्न आम्हाला कुठल्या सरांनी विचारला नाही (सर, रागावू नका), तो माझ्या काकांनी विचारला.

काका उंद्रीला शेती करतात. पुण्याजवळची फ्लॅटवाली उंद्री नव्हे हं, आमची उंद्री चिखली तालुक्यातली, जिल्हा बुलढाणा. सोयाबीन, तूर, आणि विहिरीनं साथ दिली तर हरभरा-गहू. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे, मीटर नाही. बिल वर्षानुवर्षं हॉर्सपॉवरवर यायचं. दिवाळीच्या सुट्टीत काका म्हणाले, “आमच्या मोटरले मीटरच नाही, मंग आम्ही किती युनिट जायले हे त्यायले कसं समजते रे?”

उत्तर असं, की समजत नाही, अंदाज करतात. खरं तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 55 प्रमाणे दोन वर्षांनंतर मीटरशिवाय वीज द्यायचीच नव्हती. पण मुदत वाढवून द्यायची सोय त्याच कलमात आहे, आणि राज्यातले लाखो कृषिपंप त्यानंतरही बिनमीटरचेच राहिले. मग मीटर असलेल्या पंपांवरून आणि फीडरच्या आकड्यांवरून बाकीच्यांचा वापर धरायचा. गंमत इथेच आहे. शेतकऱ्याचा वापर जास्त धरला की वजाबाकीत गळती आपोआप कमी दिसते. चोरी, जुन्या तारा, ओव्हरलोड डीपी, सगळं काकांच्या मोटरच्या नावावर!

हे मी मनाचं सांगत नाही. जुनं वीज मंडळ आपली गळती 15 ते 18 टक्के सांगत असे. 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि 2000 सालच्या पहिल्या दरनिश्चितीत मंडळाला आपले हिशोब लोकांपुढे मांडावे लागले. तेव्हा हीच गळती 30 टक्क्यांच्या वर निघाली. तारा त्याच होत्या, बदलली फक्त वजाबाकी. ती बदलायला लावण्यात पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचा मोठा वाटा होता. तिथले गिरीश संत आयआयटी मुंबईतून शिकलेले इंजिनियर. दाभोळच्या एन्रॉन कराराची आकडेमोडही याच लोकांनी आधी केली होती. कॅम्पस इंटरव्ह्यूत असला जॉब कोणी ऑफर करत नाही म्हणा!

आणि हे एकदा होऊन संपलं नाही. मार्च 2020 च्या दर आदेशात आयोगाने पुन्हा पंपांचा वापर कमी धरला आणि महावितरणची गळती वाढवून धरली. म्हणजे वीस वर्षांनी परत तीच वजाबाकी.

मग काका आणि मी ओट्यावर बसून आमच्या मोटरचा हिशोब केला. पाच हॉर्सपॉवर म्हणजे 3.73 किलोवॅट (एफिशियन्सी सध्या सोडा). थ्री फेज लाईन दिवसा आठ तास, नाहीतर रात्री, ही झाली कागदावरची गोष्ट. काकांची विहीर चार तासांत उपसते, मग लाईन असो नसो, मोटर बंद. पाणी पुरतं ते रब्बीचे शंभर दिवस. म्हणजे वर्षाला 400 तास, सुमारे 1,492 युनिट. हीच मोटर कोणी 800 तास चालली असं धरलं, तर 2,984. मधले दीड हजार युनिट ना हरभऱ्याला मिळाले ना गव्हाला, पण ‘शेतीला विकले’ असं लिहिता येतं. एका मोटरचं हे, अख्ख्या तालुक्याचं काय?

काकू म्हणाल्या, “आता बिलच येत नाही, तर काहाले मोजता?” बरोबर आहे. एप्रिल 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं. पण सरकार भरतं म्हणजे अंदाज केलेल्या आकड्याचे पैसे आपल्याच करातून जातात. त्यातूनही जे भागत नाही ते कारखाने आणि इतर ग्राहकांच्या दरात मिसळतं, त्यात आपलं होस्टेलही आलं. दुसरं म्हणजे नवीन फीडर, नवीन डीपी यांच्या मोठ्या योजनांना आयोगाची मंजुरी लागते, त्यांचा खर्चही शेवटी दरातच येतो. लोड कुठे आणि गळती कुठे हेच उलटं लिहिलं असेल, तर डीपी भलतीकडे बसणार. बिल शून्य झालं म्हणून डीपी जळायचा थांबत नाही. त्यासाठीही आयोगाचा नियम आहे. 2005 च्या विनियमांत ग्रामीण भागातला जळालेला डीपी 48 तासांत बदलायचा, उशीर झाल्यास तासाला 50 रुपये भरपाई, असं होतं. पुढे 2014 आणि 2021 मध्ये हे विनियम नव्याने आले. आमच्या गल्लीत एकालाही ही भरपाई माहीत नव्हती.

कायद्याच्या कलम 64 प्रमाणे दरवाढीचा अर्ज पेपरात जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या हरकती ऐकल्याशिवाय आदेश काढता येत नाही. महावितरणच्या अर्जावर अमरावती, नागपूर, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), नाशिक, पुणे, नवी मुंबई अशा सुनावण्या होत आल्या आहेत. मराठीत बोलता येतं, वकील लागत नाही. आम्हाला अमरावतीला जायचं, म्हणजे खामगाव-अकोला करत दीडशे किलोमीटरच्या वर. ऐन रब्बीत पाणी द्यायचं सोडून कोण जाईल? उद्योजकांच्या संघटना फाईली घेऊन येतात, बिनमीटरचा माणूस रात्रपाळीचं पाणी देऊन झोपलेला असतो. लेखी हरकत मात्र घरूनही पाठवता येते.

काकांनी तो हिशोबाचा कागद सात-बाराच्या पिशवीत ठेवला आहे. मागच्या आठवड्यात फोन आला होता, हरकतीच्या किती प्रती लागतात म्हणून. शेजारच्या तीन विहिरींचे तासही त्यांनी वहीत लिहून ठेवलेत, त्यातली एक साडेतीन तासांतच उपसते.