शिबिर झालं, पुढे काय?

आरोग्य शिबिराच्या बातम्या मी आजवर किती लिहिल्या, मोजदाद नाही. साचा ठरलेला. अमुक यांच्या वाढदिवसानिमित्त मोफत तपासणी, इतक्या नागरिकांनी घेतला लाभ. फोटोत मधोमध नेते, बाजूला डॉक्टर, कोपऱ्यात कुणाच्या तरी दंडाला बीपीचा पट्टा. उल्हासनगरचा कॅम्प चार असो, अंबरनाथ पूर्व असो की बदलापूरचं कात्रप, नावं बदलायची, बातमी तीच.

अशाच एका शिबिराच्या फोटोत माझा चुलतभाऊ आहे. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. राहायला बदलापूर पश्चिमेला, नोकरी परळला. त्या रविवारी मीच त्याला ओढून नेलं होतं, फोटोत गर्दी दिसावी म्हणून. खोटं कशाला बोलू! त्याचं बीपी निघालं १७०/११०. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘फिजिशियनला दाखवा’. दादाने चिठ्ठी घडी करून मोबाईलच्या कव्हरमागे ठेवली. मी दुसऱ्या दिवशी बातमी दिली.

सात महिन्यांनी एका पहाटे चहाचा कप त्याच्या हातातून सुटला. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, शब्द फुटेना. मेंदूत रक्तस्राव. वहिनीने आयसीयूबाहेर त्याचा मोबाईल माझ्या हातात दिला तेव्हा ती चिठ्ठी कव्हरमागे तशीच होती. त्या सात महिन्यांत त्याला कुणाचाही फोन आला नव्हता. शिबिरवाल्यांचा नाही, दवाखान्याचा नाही आणि माझाही नाही.

दादाचा हलगर्जीपणा होताच. पण त्याचं वेळापत्रक बघा. सहाच्या आत घर सोडायचं, लोकलला लटकायचं, रात्री नऊला परत. सरकारी ओपीडी सकाळची. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा अंबरनाथच्या छाया रुग्णालयात केसपेपरची रांग ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको, हाफ डे टाकल्याशिवाय ते काम होत नाही. आणि बीपीत दुखत काही नाही. न दुखणाऱ्या आजारासाठी दर महिन्याला पगार कोण कापून घेईल?

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के. म्हणजे बदलापूर लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले धरून एका बाकड्यावर चार जण बसले, तर त्यातल्या एकाला तरी बीपी असणार. तेही धडधाकट दिसणाऱ्याला.

औषध महाग आहे म्हणावं तर तेही नाही. बीपीची पहिली गोळी बहुतेक वेळा अ‍ॅम्लोडिपिन. जनऔषधी केंद्रात दहा गोळ्यांची पट्टी वडापावपेक्षा स्वस्त पडते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, हे सगळं असतं. कमरेचा घेरही मोजायचा असतो, बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर नको, पुरुषाचा ९० च्या. योजना आहे, गोळी आहे, फॉर्म आहे. नाही ती फक्त दुसऱ्या महिन्याची विचारपूस.

हे जमत नाही असंही नाही. आपल्याच राज्यात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरुवातीच्या टप्प्यात राबवला गेला. त्यात मोठं मशीन नाही की नवी इमारत नाही. कुणाला कोणती गोळी, किती दिवसांनी वाढवायची, हे एका कागदावर ठरलेलं. गोळ्या एकदम महिनाभराच्या, त्याही घराजवळच्या केंद्रात. बीपी मोजायला नर्स, प्रत्येक वेळी डॉक्टरची वाट बघायला नको. आणि नोंद अशी, की तारीख चुकली तर नाव यादीत वर येतं आणि फोन जातो. २०२२ पर्यंत हा उपक्रम देशातल्या १३० हून जास्त जिल्ह्यांत पोहोचला होता, ३४ लाखांहून जास्त लोक उपचार घेत होते, उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं बीपी आटोक्यात होतं. त्यावर्षी संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. निम्मे म्हणजे कमी वाटतील. शिबिराच्या बातमीत हा आकडा कधीच नसतो, हे लक्षात घ्या.

दादाचं झाल्यावर मी स्वतःचं तपासलं. १५०/९६. पालिकेच्या एका दवाखान्यात गेलो, सिस्टरने गोळ्या दिल्या, वहीत नाव लिहिलं. विचारलं, “पुढच्या महिन्यात आलो नाही तर?”

“नाही आलात तर नाही आलात, दादा. सकाळी ओपीडी, मग लसीकरण, मग ऑनलाइन एन्ट्री. फोन कधी करू? आणि कुठल्या फोनवरून? माझ्याच ना?”

तिच्यावर रागवायला जागाच नव्हती. ‘आपला दवाखाना’ योजना आली तेव्हा वेळ दुपारी दोन ते रात्री दहा अशी सांगितली होती. चाकरमान्यांच्या गावाला याहून सोयीची वेळ नाही. स्टेशनवरून उतरलेला माणूस भाजी घेतो तशी गोळी घेऊन घरी जाईल. पण त्या वेळेत दार उघडं, आत डॉक्टर आणि कपाटात गोळी, या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी हव्यात.

मिठाचंही बोलायला हवं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उल्हासनगरात सिंधी घरी गेलं की पाण्याबरोबर पापड येतो, नाही म्हणणं जिवावर येतं. मी आता अर्धा मोडून घेतो. गुटख्यावर तर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. ती किती पाळली जाते हे कुठल्याही टपरीमागे पडलेल्या पुड्या बघून कळेल. हा वेगळा लेख होईल.

दादा आता भिंत धरून चालतो. नोकरी गेली. वहिनी डबे करून देते. तो ‘गोळी’ म्हणायला जातो आणि ‘गाडी’ म्हणतो, मग स्वतःच हसतो.

यापुढे शिबिराचं निमंत्रण आलं की मी आयोजकांना एकच विचारणार आहे : ज्यांचं बीपी-शुगर जास्त निघालं त्यांची यादी कुठल्या दवाखान्याला देणार आणि महिन्याने फोन कोण करणार? उत्तर आलं तर तेही छापेन, नाही आलं तर ‘उत्तर मिळाले नाही’ असं छापेन. तिन्ही शहरांतल्या मंडळींनी एक करा. तुमच्या वॉर्डातला सरकारी किंवा पालिकेचा दवाखाना संध्याकाळी सातनंतर उघडा असतो का आणि बीपीची गोळी किती दिवसांची मिळते, हे स्वतः जाऊन बघा आणि खाली कमेंटमध्ये वॉर्डासह लिहा. आलेल्या नोंदी एकत्र करून मी पालिकांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे घेऊन जाणार आहे.