रीलफुटच्या तळ्यावर

अमेरिकेच्या टेनेसी संस्थानाच्या वायव्य कोपऱ्यांत, मिसिसिपी नदीच्या शेजारीं, रीलफुट नांवाचें एक तळें आहे. तें भूकंपानें निर्माण केलें. १८११ च्या डिसेंबरापासून १८१२ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या मुलखांत प्रचंड धक्के बसले, भूमि खचली आणि उभें अरण्य पाण्याखालीं गेलें. त्या वृक्षांचे बुंधे दोनशें वर्षें लोटलीं तरी तळ्यांत आहेत. कांहीं डोकें वर काढून, कांहीं पृष्ठभागाखालीं वीतभर दडून. या बुडालेल्या रानांत क्रॅपी मासा राहतो.

आमच्या घरांत मासा शिजत नाहीं, हें प्रथमच सांगून टाकावें. परंतु भाचा तिकडे नोकरीस असतो. त्याच्या आग्रहास्तव जानेवारींतील एका पहाटे आम्ही नावेंत जाऊन बसलों. अंगावर पांच वस्त्रें असूनहि दांत वाजत होते.

नाव त्याच तळ्यासाठीं घडविलेली. इतरत्र वल्हविणारा पाठमोरा बसतो. येथील वल्ह्यांना मध्यें सांधा असल्यामुळें तो समोर पाहत जातो. न पाहून चालणारच नाहीं, कारण वाटेंत बुंधे!

क्रॅपी बाजूंनीं चपटा व रुपेरी असून अंगावर काळसर ठिपके असतात. पांढरा व काळा अशा त्याच्या दोन जाती आहेत. लुइझियानांतील फ्रेंच वळणाचे लोक त्याला 'साक-आ-ले', म्हणजे दुधाची पिशवी, म्हणतात. वसंतांत तो अंडीं घालण्यास कांठाशीं येतो, तेव्हां पोरासोरांसहि सांपडतो. खरी परीक्षा हिवाळ्यांत. माशाचें रक्त पाण्याइतकेंच थंड. पाणी गारठलें कीं त्याची भूक मंदावते आणि भक्ष्याचा पाठलाग तो सोडून देतो. मग खोल जागीं बुंध्यांच्या आश्रयानें थवेच्या थवे निश्चल राहतात. आमिष त्यांच्या तोंडाशीं नेऊन धरावें लागतें, आणि तेंहि किंचित् वर. कारण या माशाचे डोळे वरच्या बाजूस लागलेले असतात, खालचें त्यास सहसा दिसत नाहीं.

म्हातारा नावाडी लांब काठ्या नावेच्या नाकाशीं पसरून मुंगीच्या पावलांनीं नाव हांकीत होता. दोरीच्या टोंकास शिशाचा मणी, गळ आणि बोटाएवढा जिवंत मासा. तीन तास कांहींच नाहीं. मग एका बुंध्यापाशीं दोरी ओढली न जातां उलट सैल पडली. मासा आमिष घेऊन वर सरकला होता! भाच्यानें हर्षानें हिसका दिला, आणि गळ रिकामा आला. या माशाचें तोंड कागदासारखें नाजूक, हिसक्यानें फाटतें. नावाडी कांहीं बोलला नाहीं, नुसतें हातानें हळू उचलून दाखविलें. त्यानंतर अर्ध्या घटकेंत पांच मासे आले.

तोंच वारा सुटला. नावाड्यानें काठ्या गुंडाळल्या.

"मामा, त्याला सांगा ना, दहाच मिनिटें!" भाचा कळवळून म्हणाला. आम्हांसहि, खरें सांगावयाचें तर, मोह झाला होता. हा मोह कोठून आला देव जाणे. आम्हीं विचारलें. म्हातारा म्हणाला, "या पाण्यांत पडलेल्या माणसाचे हात थोड्याच मिनिटांत चालेनासे होतात. मासे उद्यांहि येथेंच असतील."

तळें उथळ, बहुतेक ठिकाणीं पुरुषभर पाणी. म्हणूनच वाऱ्यानें तें लवकर खवळतें. लाटांमुळें दडलेले बुंधे दिसेनात. एकदां नावेचा तळ अशा जोरानें आदळला कीं पाणी आंत आलें आणि आमच्या तोंडून आपोआप रामरक्षा सुरू झाली. भाचा डब्यानें पाणी उपसत होता. पांच माशांकडे कोणाचेंच लक्ष नव्हतें.

कांठावर पोंचल्यावर नावाड्याच्या पत्नीनें ते मक्याच्या पिठांत घोळवून तळले. भाच्यानें चार खाल्ले. आम्हीं कॉफीवर भागविलें. बाहेर निष्पर्ण सायप्रसवर पांढऱ्या डोक्याचे दोन गरुड बसले होते. हिवाळ्यांत ते येथें पुष्कळ येतात, आणि तेहि माशांसाठींच.