जाहिरातीतली एक ओळ

तुम्ही कधी घरची गाडी विकली आहे का? स्कूटर असो वा कार, घेणारा किल्ली फिरवतो आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत आपण तिथेच उभे राहतो. गेल्या ऑक्टोबरात मीही तशीच उभी होते. घर अमेरिकेतल्या मिशिगनमधलं आणि गाडी १९६७ सालची पॉन्टियाक जीटीओ, छत मागे दुमडणारी कन्व्हर्टिबल.

अशा गाड्यांना इथे मसल कार म्हणतात. गाडी मध्यम आकाराची, पण इंजिन मोठ्या गाडीचं. मध्यम गाडीत फार मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टियाकच्या लोकांनी १९६४ साली ते मोठं इंजिन 'हवं असल्यास घ्या' या यादीत घातलं आणि नियमातून वाट काढली. आमच्या गाडीचं इंजिन ६.६ लिटरचं. तुमच्या दारातल्या छोट्या कारची पाच इंजिनं एकत्र केलीत तर साधारण तेवढं होईल. त्या वर्षी अशा कन्व्हर्टिबल ९,५१७ निघाल्या.

आमच्या ह्यांनी ती एका शेतावरच्या कोठारातून आणली. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा पत्रा खातं. पायाखालची चटई उचलली तर खालची जमीन दिसत होती! पुढचे नऊ हिवाळे हे गॅरेजमध्ये. पत्रे कापणं, वेल्डिंग, इंजिन उघडणं, रंग, नवं छत. तिला गॅरेजची ऊब आणि माझी रोजची कार बाहेर बर्फात. मी तिला सवत म्हणायचे.

पण खोटं कशाला बोलू? ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते, १९९५ पासून. छत उघडून त्या फेरीत बसले की मीच सगळ्यांना हात हलवत असे.

मग ह्यांचे हात थरथरू लागले. जुना क्लच जड, त्याला पायात जोर लागतो. एका सिग्नलला पाय निसटला. पुढे कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. घरी येऊन ह्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "आता विकूया."

जाहिरात लिहायला मी बसले, कारण टाइप करणं ह्यांना जमत नव्हतं. वर्ष, रंग, चार गिअर, नवं छत, सगळं लिहिलं. हे म्हणाले, "इंजिन मूळचं नाही, तेही लिही."

इथे आमचं वाजलं. जुन्या गाडीच्या बाजारात इंजिनावरचा क्रमांक कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळला की किंमत चढते. आमचं इंजिन त्याच वर्षाचं, पण दुसऱ्या जीटीओतून आणलेलं. मी म्हटलं, "कुणी विचारलं तर सांगू की!" हे म्हणाले, "अगं, ज्याला विचारायचं कळतं तो तपासूनच घेईल. ज्याला कळत नाही, त्याच्यासाठीच ती ओळ हवी." मी लिहिली. पण रागानं, सगळ्यात शेवटी.

फोन आले. बरेच जण ती ओळ वाचून गप्प झाले. एकानं गाडी न बघताच मागितल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो म्हटलं. वरचे पैसे आम्ही ट्रकवाल्याला द्यायचे. तुम्हालाही कुणी असं म्हणालं तर तिथेच थांबा. चेक खोटा निघतो आणि दिलेले पैसे आपले जातात. आणखी एक जण येऊन बघून गेला आणि त्यानं निम्मी किंमत सांगितली. तीन आठवडे गेले, झाडांची पानं गळाली. ऑक्टोबरात कन्व्हर्टिबल विकणं म्हणजे दिवाळीनंतर आकाशकंदील विकणं! मी ह्यांच्याशी नीट बोलत नव्हते.

मग एक बाई आली, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारी. आधी तिनं गाडीचा नंबर पाहिला. १९६६ पासून जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो. साध्या लमाँ गाडीला जीटीओच्या पट्ट्या लावून विकणारे पुष्कळ असतात, म्हणून ही खात्री करायची. नंतर ती टॉर्च घेऊन गाडीखाली आडवी झाली. ह्यांनी फाइल काढली. त्यात प्रत्येक पावती होती आणि गंजलेल्या तळाचे फोटोही. तिनं एका जोडाकडे बोट दाखवून विचारलं, "हा पहिला ना?" हे हसले. तो जोड वाकडा आला होता. दोघं तासभर जोडांवरच बोलत होते.

इंजिनाचं काय, मी विचारलं. "मला चालवायची आहे, प्रदर्शनात नाही ठेवायची," ती म्हणाली. घासाघीस मात्र तिनंही केली. मिळालेल्या पैशांत सुट्या भागांचा खर्चही पुरता निघाला नाही, आणि नऊ हिवाळ्यांची मजुरी तर कुणी मोजलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्या बँकेत बसून व्यवहार झाला. मालकीच्या कागदावर ह्यांनी सही केली. हात हलत होता, तिनं घाई केली नाही. फाइल गाडीबरोबर गेली. मिशिगनमध्ये नंबरप्लेट विकणाऱ्याकडे राहते, ती ह्यांनी किल्लीच्या खिळ्याला टांगली.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. माझी कार गॅरेजमध्ये होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सकाळी काच खरवडावी लागली नाही. मी गाडी सुरू केली, पण लगेच निघवेना. जरा वेळ तशीच बसून राहिले.