राहिलेले

आइस हॉकी हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे. आयुष्याची ३२ वर्षे मराठी शिकवण्यात गेली. बर्फावरचा हा खेळ आम्ही प्रथम पाहिला तो निवृत्तीनंतर, टोरोंटोच्या पश्चिमेला मुलीच्या घरी उन्हाळे काढू लागलो तेव्हा. उन्हाळ्यात हा खेळ मुळी खेळला जात नाही, ही यातली गंमत. म्हणजे आमचा आणि हॉकीचा परिचय झाला तो ती बंद असताना. नाटक पाहण्याऐवजी दोन प्रयोगांमधल्या काळात नटसंचात काय बदल झाले याची चर्चा ऐकत बसावे, तसा हा प्रकार होता. पण साहित्याच्या अध्यापकाचे बरेचसे आयुष्य अशाच चर्चांत जाते. त्यामुळे आम्हांला तेथे परके वाटले नाही.

आमचा बारा वर्षांचा नातू दर १ जुलैला एक वही काढतो. तो कॅनडाचा राष्ट्रीय दिन असतो, रात्री दारूकाम असते. पण त्याचे लक्ष दुपारी १२ कडे लागलेले असते. त्या क्षणापासून नॅशनल हॉकी लीगमधले करार संपलेले खेळाडू कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळे होतात आणि पहिल्या काही तासांतच कोट्यवधी डॉलरांचे व्यवहार उरकतात. २०२४ साली आम्ही त्याला एक अट घातली: तक्ता मराठीतून करायचा. त्याचे देवनागरी सुधारावे एवढाच आमचा हेतू. त्याने तीन रकाने आखले, ‘गेले’, ‘आले’ आणि ‘शेरा’. डावीकडे अटलांटिक विभागातल्या आठ संघांची नावे: टोरोंटो, बोस्टन, फ्लोरिडा, टँपा बे, माँट्रियल, ओटावा, डेट्रॉइट, बफेलो.

आठच का, लीगमध्ये तर ३२ संघ आहेत, असे आम्ही विचारले. त्याने दिलेले उत्तर मार्मिक होते: “आजोबा, बाकीचे लांबचे आहेत.” २०२४-२५ च्या मोसमातल्या ८२ सामन्यांपैकी २६ सामने विभागातल्या सात शेजाऱ्यांशीच होते. बाद फेरीच्या पहिल्या दोन टप्प्यांतही बहुधा हेच शेजारी समोर येतात. शिवाय सर्वांना खर्चाची मर्यादा सारखीच असते. २०२४-२५ साठी ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती. तेव्हा एखादा मोठा खेळाडू आणायचा तर दुसऱ्या कुणाला निरोप द्यावा लागतो. भाऊबंदकीत वाटण्यांचा हिशेब जितक्या बारकाईने होतो, तितक्या बारकाईने हा हिशेब होतो, आणि त्याचे कारणही तेच: लांबच्याशी कोण तुलना करतो?

त्या उन्हाळ्यात टोरोंटोच्या घरांत बोस्टनविषयी विशेष कडवटपणा होता. ४ मे २०२४ रोजी सातव्या सामन्यात, जादा वेळेत, बोस्टनने टोरोंटोला बाद केले होते. २०१३, २०१८ आणि २०१९ सालीही सातव्याच सामन्यात त्यांनी हेच केले होते. टोरोंटोने १९६७ नंतर स्टॅन्ली चषक जिंकलेला नाही, हे येथे लहान मुलांनाही ठाऊक असते. टोरोंटोने प्रशिक्षक बदलला. नवे प्रशिक्षक क्रेग बेरूबी, ज्यांनी २०१९ साली सेंट लुइसला बोस्टनविरुद्धच चषक जिंकून दिला होता. कर्णधारपद जॉन टव्हारेसकडून ऑस्टन मॅथ्यूजकडे गेले. बचावासाठी क्रिस टॅनेव्ह आला. नुकत्याच विजेत्या ठरलेल्या फ्लोरिडाच्या घरातून बचावपटू ऑलिव्हर एकमन-लार्सन आणि गोलरक्षक अँथनी स्टोलार्झ हे दोघे आले. शेऱ्याच्या रकान्यात नातवाने लिहिले, “चांगले.”

बोस्टनच्या ओळीत मात्र त्याने नाइलाजाने “फार चांगले” असे लिहिले. मधल्या फळीसाठी इलायस लिंडहोम, सात वर्षांचा करार, वर्षाला ७७ लाख ५० हजार डॉलर. बचावासाठी धिप्पाड निकिता झाडोरोव्ह, सहा वर्षांसाठी, वर्षाला ५० लाख. आदल्या मोसमात १०९ गुण मिळवलेल्या संघाच्या नेमक्या उणिवा भरून निघाल्या, असेच सर्वत्र बोलले जात होते. ‘गेले’च्या रकान्यात लिनस उलमार्क होता. स्वीडनचा हा गोलरक्षक २०२३ साली लीगमधला सर्वोत्कृष्ट ठरला होता. पण बोस्टनजवळ जेरेमी स्वेमन हा दुसरा तरुण गोलरक्षक होता. दोन उत्तम गोलरक्षक बाळगणे ही चैन, म्हणून उलमार्कला त्याच विभागातल्या ओटावाकडे धाडण्यात आले. हे दोघे प्रत्येक विजयानंतर बर्फावर एकमेकांना कडकडून मिठी मारत. नातवाला ती मिठी फार आवडे, बोस्टनची असूनही. ती कोणत्या रकान्यात लिहायची, असा प्रश्न त्याने विचारला होता. आम्ही हसून सोडून दिले.

टँपाची ओळ आम्हांला सर्वांत जड गेली. स्टीव्हन स्टॅमकोस तेथे २००८ पासून १६ मोसम खेळला, दहा वर्षे कर्णधार होता, २०२० आणि २०२१ चे चषक त्याच्याच कारकिर्दीतले. करार संपला आणि तो नॅशव्हिलला गेला. त्याच्या जागी जेक गेंट्झल, सात वर्षे, वर्षाला ९० लाख. हा टोरोंटोच्या परिसरात वाढलेला स्टॅमकोस तेथे लोकांना आपलाच वाटतो, त्यामुळे शेजारीपाजारीही हळहळले. फ्लोरिडाच्या ओळीत ‘गेले’चा रकाना काठोकाठ भरला होता. आदल्या मोसमात ५७ गोल केलेला सॅम राइनहार्ट त्यांनी आठ वर्षांसाठी राखला खरा, पण राखलेल्यासाठी आमच्या तक्त्यात जागाच नव्हती. ‘आले’मध्ये जी नावे होती त्यांपैकी एक नेट श्मिट, ज्याला विनिपेगने उरलेल्या कराराची भरपाई देऊन मोकळे केले होते. तो ८ लाख डॉलरांत मिळाला. माँट्रियलची ओळ तर ऑगस्टपर्यंत जवळजवळ कोरी होती. पुढे पॅट्रिक लायने आला आणि सरावसामन्यातच गुडघा दुखावून बसला. माँट्रियल आदल्या वर्षी ७६ गुणांसह विभागात तळाला होते. शेरा: “काही नाही.”

पुढल्या उन्हाळ्यात आम्ही परत गेलो तेव्हा वही समोर ठेवून पडताळा पाहिला. तळाच्या स्थानी पुन्हा ७६ हाच आकडा होता, पण त्यापुढे नाव बोस्टनचे होते. ज्यांना “फार चांगले” मिळाले ते शेवटचे आले. उलमार्क गेल्यावर स्वेमनचा करार लांबत गेला. तो मोसम सुरू होण्याच्या दोन दिवस आधी सही करून आला आणि वर्षभर त्याला सूर सापडला नाही. नोव्हेंबरात प्रशिक्षक गेले, मार्चमध्ये कर्णधार ब्रॅड मार्शंड गेला, तोही फ्लोरिडाला. उलमार्क मिळालेला ओटावा ७८ गुणांवरून ९७ वर चढला आणि २०१७ नंतर प्रथमच बाद फेरीत आला. “काही नाही” असा शेरा मिळालेले माँट्रियल ७६ वरून ९१ वर गेले. टोरोंटो १०८ गुणांसह विभागात पहिले आले आणि बाद फेरीत सातव्या सामन्यात हरले, या वेळी फ्लोरिडाकडून. त्या मालिकेच्या पहिल्याच सामन्यात स्टोलार्झ जखमी झाला होता, आणि प्रतिपक्षात मार्शंड होता. विभागात तिसऱ्या आलेल्या फ्लोरिडाने १७ जून २०२५ रोजी सलग दुसऱ्यांदा चषक उचलला.

यावरून तक्ते निरर्थक असतात असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि ते चूक ठरेल. गेंट्झलने टँपासाठी ४१ गोल केले. तेथे हिशेब बरोबर होता. बोस्टनच्या घसरणीतही निव्वळ एका मिठीचा वियोग नव्हता. हँपस लिंडहोम आणि चार्ली मॅकॅव्हॉय हे त्यांचे दोन प्रमुख बचावपटू दीर्घकाळ जायबंदी होते, आणि दुखापतींचे भाकीत जुलैमध्ये कोणी करू शकत नाही. आम्हांला खटकली ती तक्त्याची एक विशिष्ट अंधता. लेन हटसन या नावाच्या मुलाला माँट्रियलने २०२२ साली ६२ व्या क्रमांकावर निवडले होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये तो येऊन दोन सामने खेळला. पुढल्या मोसमात त्याने ६६ गुण मिळवले आणि तो लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. आमच्या वहीत त्याचे नाव कोठेच नव्हते. तो गेला नव्हता आणि त्या उन्हाळ्यात आलाही नव्हता. तो आधीच घरात होता. दारावर बसून नोंद ठेवणाऱ्याला घरातले माणूस दिसत नाही.

हे वाक्य नातवाला समजावून सांगत असताना आम्ही मध्येच थांबलो. कारण असा एक तक्ता आम्ही पूर्वी केला होता.

२०११ साली आमच्या महाविद्यालयात मराठी विभागातल्या दोन जागा भरायच्या होत्या. आम्ही विभागप्रमुख होतो. निवड समितीपुढे जो तक्ता ठेवायचा तो आमच्याच हातचा होता: पदवी, नेट किंवा सेट, पीएच.डी., प्रकाशने, एपीआय गुण. अर्जदारांत आमच्याकडेच तासिका तत्त्वावर नऊ वर्षे शिकवणाऱ्या एक बाई होत्या. भाषाविज्ञान आणि व्याकरण हे कुणालाही नको असलेले पेपर त्यांच्याकडे असत. नेट होती, पीएच.डी. अपुरी राहिली होती, प्रकाशने दोन. तक्त्यात त्या तिसऱ्या आल्या. पहिले दोघे विद्वान होते, त्यांची पुस्तके आम्ही वाचली होती आणि ती आजही आम्हांला चांगली वाटतात. समितीत आम्ही एक शब्दही वेगळा बोललो नाही. तक्ता स्पष्ट होता, आणि स्पष्ट तक्त्याआड उभे राहण्यात एक सोय असते. शेजारच्या महाविद्यालयाने त्याच वर्षी एक नामवंत समीक्षक नेमला होता. आपली यादी त्यांच्या यादीपेक्षा उणी दिसू नये हेही मनात होते. हे आज कबूल करायला हरकत नाही.

बाई जाताना एक वही देऊन गेल्या. “सर, यात मुलांच्या एसटीच्या वेळा आहेत. पहिला तास त्या बघून ठेवावा लागतो.” त्या वहीत प्रत्येक विद्यार्थ्याचे गाव, गाडीची वेळ, घरी कोण, आतापर्यंत काय वाचले, कोणते पुस्तक अर्धे टाकले, अशा नोंदी होत्या. आम्ही ती कपाटात ठेवली. नव्या वेळापत्रकात भाषाविज्ञान सकाळी साडेसातला आले, कारण नव्या प्राध्यापकांना दुपार लेखनासाठी हवी होती. ती मागणी गैर नव्हती. तीन वर्षांत विशेष मराठी घेणारे विद्यार्थी २७ वरून ९ वर आले. तशी गळती इतरत्रही होतीच, असे आम्ही अहवालात लिहिले, आणि तेही खोटे नव्हते. दोघांपैकी एक प्राध्यापक विद्यापीठात गेले. बाई तोवर एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवू लागल्या होत्या.

आपण वर्गात सांगतो की शब्दाला अर्थ येतो तो वाक्यातल्या इतर शब्दांच्या शेजाराने. कवितेतला एक शब्द काढून त्याहून वजनदार शब्द घातला तर ओळ वजनदार होईलच असे नाही, हेही सांगतो. माणसे नेमताना मात्र आपण शब्दकोश उघडून बसतो. आम्ही तरी बसलो.

१ जुलै २०२५ ला नातवाने नवे पान उघडले. आदल्याच दिवशी मिच मार्नर, टोरोंटोच्याच परिसरात वाढलेला, नऊ मोसम तेथे खेळलेला, सरलेल्या मोसमात १०२ गुण मिळवलेला, व्हेगसला गेला होता. मोबदल्यात निकोला रॉय आला होता. तक्त्यात दोघांना एकेक ओळ. नातवाच्या अंगात मार्नरचाच १६ क्रमांकाचा सदरा होता. आम्ही सुचवले की या वर्षी चौथा रकाना आखू या. त्याला नाव काय द्यायचे, यावर थोडा विचार करून त्याने आपणहून ‘राहिले’ असे लिहिले. मराठीत राहिले म्हणजे जे थांबले ते, आणि राहिले म्हणजे जे करायचे होते पण झाले नाही तेही. हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही सांगितलेही नाही.

रकाना भरायला बराच वेळ लागला. आठ संघांत राहिलेली माणसे गेलेल्या-आलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात. पान पुरेना, त्याने दुसरे चिकटवले. दारूकाम सुरू झाले तेव्हा तो बफेलोपर्यंत पोचला होता. त्या रात्री आम्ही बाईंना पत्र लिहायला बसलो. “आपली वही अद्याप माझ्याजवळ आहे” एवढे एक वाक्य झाले. पुढचे अजून राहिले आहे.