गाणारी मंडळी, वाचणारे आपण

आपल्या मराठी विभागांतून रेव्हरंड नारायण वामन टिळक शिकवले जातात ते बहुधा तीन वाटांनी. पहिली वाट ‘फुलांमुलांचे कवी’ या बिरुदाची. दुसरी बालकवींची, कारण अहमदनगरला टिळकांच्या घरात बालकवींना घर मिळाले. तिसरी वाट लक्ष्मीबाईंची. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या विद्यार्थ्याला टिळक आठवतात ते एक लोकविलक्षण, विक्षिप्त आणि तरीही लोभसवाणा नवरा म्हणून. या तिन्ही वाटांवर त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी रचलेली शेकडो गीते मात्र लागत नाहीत. प्रश्नपत्रिकेत ती येत नाहीत, टीकाग्रंथांत एखाद्या वाक्यात उरकली जातात, आणि ती ‘सांप्रदायिक’ किंवा ‘प्रासंगिक’ आहेत असे म्हणून आपण पुढे जातो. गंमत अशी, की महाराष्ट्रात आज टिळकांचे जे शब्द सर्वाधिक लोकांच्या तोंडी आहेत ते हेच. रविवारच्या उपासनेत, लग्नात, मयतीत ते म्हटले जातात. मराठीतल्या फार थोड्या आधुनिक कवींच्या वाट्याला हे भाग्य आले आहे.

या उपेक्षेचे कारण केवळ धार्मिक अंतर हे असावे असे मला वाटत नाही. आपण ही गीते कागदावर वाचतो आणि कविता म्हणून तोलतो. प्रतिमा नवी आहे का, अनुभव व्यक्तिगत आहे का, असे विचारतो. उपासनेतले गीत या कसोट्यांसाठी रचलेलेच नसते. ते कशासाठी असते, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

खुद्द ख्रिस्ती परंपरेला हा प्रश्न कधीच सोपा वाटलेला नाही. गायिलेल्या आशयापेक्षा गायनानेच आपण अधिक हेलावतो की काय, ही धास्ती संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात व्यक्त करतो. आणि तरीही चर्चमधले गायन बंद करावे असे त्याला म्हणवत नाही. सोळाव्या शतकात झ्विंग्लीने झुरिकच्या उपासनेतून संगीत हद्दपार केले. तो स्वतः उत्तम वादक होता, म्हणूनच त्याला त्याचे भय अधिक वाटले असावे. ल्यूथरने नेमकी उलट वाट धरली. 1524 पासून जर्मन भाषेतल्या गीतांची पुस्तके निघू लागली आणि तोवर धर्मगुरूंचे व गायकवृंदाचे लॅटिन ऐकत उभा राहणारा सामान्य माणूस स्वतः गाऊ लागला. उपासना ज्याची त्याच्या तोंडी ती असली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. मला यातला ‘तोंड’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. भजनाने माणसाला शिकवता येते, भारावता येते, दूरच्याला जवळ बोलावता येते. पण हे सारे त्याला तोंड मिळाल्यानंतरचे.

मराठीत हे तोंड कसे घडले त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते 1616 मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, पण त्याचा छंद ओवीचा. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि ऐकण्या-म्हणण्याची भूक तशीच होती, हे स्टीफन्सने ओळखले. देवळाच्या अंगणातली पुराणश्रवणाची रीत त्याने चर्चमध्ये आणली. पुढे एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनरी आले ते मात्र आपापली गीतपुस्तके आणि आपापल्या चाली घेऊन. गीतांची मराठी भाषांतरे झाली, चाली विलायतीच राहिल्या.

इथे छंदशास्त्र शिकवणाऱ्याने थोडे थांबावे. इंग्रजी स्तोत्रगीताचा पाया आघातावर असतो. आठ आणि सहा अवयवांच्या ओळी आलटून पालटून येतात आणि ओळीची सुरुवात बहुधा निराघात अवयवाने होते. मराठी शब्दाला त्या जातीचा आघात नाही. आपल्याकडे वजन येते ते ऱ्हस्व-दीर्घामुळे. त्यामुळे ठरीव स्वरमापात मराठी शब्द बसवू गेले की ऱ्हस्वाला ताणावे लागते, दीर्घ आखडतो आणि शब्द भलत्याच जागी तुटतो. अर्थ कळतो, पण जीभ अडखळते. शिवाय ते गीत सगळ्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदम म्हणायचे, म्हणजे हातात पुस्तक हवे आणि वाचता यायला हवे. उलट अभंगाची रचना पाहा. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. पुढच्याने चरण म्हणायचा, मागच्यांनी उचलायचा; ध्रुपद पुन्हा पुन्हा येते, तोवर विसरलेला माणूस परत मेळात येतो. निरक्षर माणूस त्यात पहिल्या दिवसापासून सामील होऊ शकतो. ज्या समाजात वाचता येणारे मोजके होते तिथे हा फरक रुचीपुरता राहत नाही. उपासनेत कोण बोलू शकेल आणि कोण नुसते उभे राहील, हे त्यावर ठरते.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या देशी ख्रिस्ती मंडळींनी हे टिळकांच्या आधीच हेरले होते. देशी वळणाची पदे आणि ख्रिस्ती कीर्तन ही त्या पिढीची कमाई. टिळक आले ते नंतर. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. हे वाक्य भाषणांतून इतके वापरले गेले आहे की त्यातला तांत्रिक अर्थ हरवतो. टिळकांनी तुकारामाकडून भाव घेतला तसाच घाटही घेतला. देवाशी भांडण्याची, त्याला आई म्हणण्याची, स्वतःच्या हट्टाची लाज न बाळगण्याची मुभा त्या घाटातच आहे. भाषांतरित गीतातला भक्त सभ्यपणे उभा असतो. टिळकांचा भक्त पायांशी लोळण घेतो.

जाता जाता एक गोष्ट. ज्या पेटीशिवाय आज आमच्या विदर्भातल्या कुठल्याही भजनी मंडळाचे पान हलत नाही ती पेटी पॅरिसमध्ये जन्मली (दबँ यांचे पेटंट 1842 चे) आणि युरोपीयांच्या घरांतून, चर्चांतून आपल्याकडे रुळली. म्हणजे अभंग देवळातून चर्चमध्ये गेला आणि पेटी चर्चमधून देवळात आली. या देवघेवीची तक्रार दोन्हीकडच्या सनातन्यांनी करून पाहिली आहे.

मी स्वतः आर्वी तालुक्यातल्या वारकरी घरातला. घरात टाळ, गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेची खंजिरी. ख्रिस्ती उपासनेशी माझा संबंध आला तो शेजारधर्मातून. काही वर्षांपूर्वी वर्ध्यात एका सहकाऱ्याच्या आईच्या अंत्यविधीला गेलो होतो. पाळकांनी शास्त्रपाठ वाचला, चार शब्द सांगितले. लोक ऐकत होते आणि नव्हतेही, मयतीत ऐकतात तसे. मग कुणीतरी मागून एक गीत सुरू केले. पुस्तक कुणी उघडले नाही. माझा सहकारी, जो सकाळपासून अवाक्षर बोलला नव्हता, तो दुसऱ्या चरणाला मेळात आला. त्या क्षणी त्याला स्वतःचे शब्द सुचणे अशक्य होते. आईनेच कधीतरी त्याच्या कानात घातलेले शब्द त्याच्या तोंडून निघत होते आणि आजूबाजूची पन्नास माणसे तेच शब्द त्याच्याबरोबर म्हणत होती. सांत्वनाची जी भाषणे आपण करतो त्यांत शोक करणारा ऐकणारा असतो; इथे तो म्हणणारा झाला होता. उपासनेत संगीत कशासाठी, याचे मला मिळालेले उत्तर एवढेच आहे, आणि ते माझ्या आजीच्या दिंडीतल्या उत्तराहून वेगळे नाही.

वर्ध्यात राहून या विषयावर लिहिताना सेवाग्राम टाळता येत नाही. 1924 च्या दिल्लीतील एकवीस दिवसांच्या उपवासाची सांगता झाली तेव्हा गांधीजींच्या खाटेशेजारी कुराणाचे पठण झाले, चार्ली अँड्र्यूज यांनी आयझॅक वॉट्सचे क्रुसावरचे गीत गायिले, आणि तेव्हा वर्ध्याच्या आश्रमाची धुरा वाहणाऱ्या विनोबांनी उपनिषद म्हटले. न्यूमनच्या प्रसिद्ध प्रकाशगीताचे नरसिंहराव दिवेटियांनी केलेले गुजराती रूप आश्रमाच्या प्रार्थनेत रुळले. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा, सेवाग्रामच्या नई तालीममध्ये आर्यनायकम् अशी ख्रिस्ती माणसे त्या परिवारात होती. या सर्वधर्म प्रार्थनेविषयी मला अपार आदर आहे. पण तिथले गीत एक वेगळेच काम करते. ते दुसऱ्याच्या घरात पाहुणे म्हणून अदबीने बसते. चर्चमध्ये तेच गीत घरचे असते, तिथे ते अदब पाळत नाही. पाहुणचाराचे संगीत आणि घरचे संगीत यांची गल्लत केली की दोन्हींवर अन्याय होतो.

टिळकांच्या बाजूने एवढे लिहिल्यावर एक आक्षेप नोंदवलाच पाहिजे, कारण तो माझ्या दलित ख्रिस्ती मित्रांनी मला अनेकदा ऐकवला आहे. अहमदनगर मिशनमधले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आले होते. ज्या गावगाड्यातून ते बाहेर पडले, त्याच्याच देवळातला घाट एका ब्राह्मण कवीने त्यांच्या उपासनेत परत आणला, आणि आपण त्याला ‘देशीपण’ म्हणून गौरवतो! विलायती चाल परकी होती हे खरे. पण तिच्यात जात नव्हती. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. तुटक्या मराठीतले गीत उभ्याने, पुस्तक हातात धरून म्हणणे हीच ज्यांच्यासाठी प्रतिष्ठा होती, त्यांना ‘तुमची जीभ अडखळते’ असे सांगणारे आपण कोण? मला यावर इतकेच म्हणता येते, की अभंग ब्राह्मणांची मालमत्ता कधीच नव्हता. तो चोखामेळ्याचाही आहे, सोयराबाईचाही आहे, आणि महारवाड्यांतल्या एकतारीवर तो देवळाबाहेरच जगला. टिळकांच्या संस्कृतप्रचुर ओळी मागे पडल्या आणि साध्या ओळी टिकल्या, ही निवड मंडळीने गाता गाता केली आहे. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आमच्या या भागात दुसरे एक धर्मांतर झाले, त्याचेही तेच. बाबासाहेबांचा ग्रंथ अभ्यासकाच्या टेबलावर पोचण्याआधी भीमगीत घराघरात पोचले होते, आणि त्याने लोकगीताच्या, कव्वालीच्या, पोवाड्याच्या चाली बिनदिक्कत घेतल्या. नवा विश्वास जुन्या चालीत गाता येतो. चाल कुणाची, हे गाणारा ठरवतो.

आता चर्चमध्ये पडद्यावर शब्द उमटतात, कीबोर्ड असतो, ध्वनिवर्धक असतात आणि हिंदी मसीही गीतांची चलती आहे. कीबोर्डला विरोध करणारा मी कोण. पेटीही एके काळी परकीच होती. माझी शंका आवाजाविषयी आहे. व्यासपीठावरचे चारजण इतक्या जोरात गातात की समोरच्या दोनशेंचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही. अशाने ल्यूथरपूर्व काळातला गायकवृंद परत येतो, फक्त लॅटिनऐवजी विजेवर. आमच्या सप्ताहांचे आणि गणपतींचेही हेच झाले आहे, तेव्हा हे दुखणे एकट्या ख्रिस्ती मंडळीचे नाही.

हिंगणघाटकडची एक विद्यार्थिनी सध्या माझ्याकडे लघुप्रबंधासाठी तिच्या आजीच्या तोंडची उपासनागीते उतरवून घेते आहे. आजीला वाचता येत नाही. साठेक गीते पाठ आहेत. त्यांतली कोणती टिळकांची, हे तिला ठाऊक नाही. छापील पाठाशी ताडून पाहिले तर जागोजागी फरक आहेत. जोडाक्षरे सुटी झाली आहेत, क्रियापदे वऱ्हाडी वळणावर गेली आहेत, एक कडवे चक्क जास्तीचे आहे. गाथेच्या पाठभेदांवर आपण आयुष्ये खर्च केली. हे पाठभेदही त्याच जातीचे. मुलीने शब्द सगळे उतरवले आहेत. चालींचे काय करायचे हे मात्र आम्हा दोघांनाही सुचत नव्हते, कारण आपल्या पदसंग्रहांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे चाल म्हणून नाव दिलेले असते ते दुसऱ्याच एका गाण्याचे, आणि ते गाणे आता कुणाला येत नाही. शेवटी तिच्या धाकट्या भावाला, जो चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो, आजीसमोर बसवले आहे. त्याची तक्रार अशी, की आजी एकच चाल दोनदा सारखी म्हणत नाही. आतापर्यंत अकरा झाल्या आहेत.