पडणारा माणूस

'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) या चित्रपटाच्या अखेरीस ब्रूस लीच्या लाथेसरशी खलनायक सुझुकी दार फोडून बाहेर फेकला जातो. पडणारे शरीर मात्र त्या नटाचे नाही. ते तेव्हा अप्रसिद्ध असलेल्या जॅकी चॅनचे. हाँगकाँगच्या तशा अल्पखर्ची चित्रपटांत आवाजही मागाहून भरीत. म्हणजे पडण्याचा आवाजही त्याचा नव्हे.

हे प्रथम वाचले तेव्हा मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. वेळापत्रकात नाव रजेवरील प्राध्यापकांचे, घसा माझा. त्या पडणाऱ्यात मी स्वतःला पाहिले, स्वतःची कीवही केली.

आज जाणवते, त्याने पडण्यात कसर ठेवली नव्हती. मी मात्र कित्येक तास 'बदली' म्हणूनच उरकले. त्या मुलांना त्या कविता पुन्हा कोणी शिकवल्या नसतील.