बर्फाचा उपद्रव

मढ गांवास बर्फ अपरिचित नाहीं. होडीच्या पोटांत बर्फाचा चुरा भरल्यावांचून आमच्याकडील कोळी बांधव लांबच्या फेरीस निघत नाहींत; तो वितळला तर सारी मेहनत वायां जाते. गेल्या आषाढांत आमच्या घरीं मात्र उलटा प्रकार घडला. बर्फ फार झाला म्हणून थंडी नाहींशी झाली!

कोशकार ज्यास शीतकपाट म्हणतात आणि आमच्या घरीं ज्यास फ्रीजखेरीज दुसऱ्या नांवानें कोणी ओळखत नाहीं, तें दोन दारांचें कपाट एके सकाळीं रुसून बसलें. वरच्या कप्प्यांत मासळी दगडासारखी गोठलेली, आणि खालीं दूध नासलेलें. दुधाचें फारसें दुःख नव्हतें. परंतु आमच्या आजीचें इन्सुलिन खालच्याच कप्प्यांत असे. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्यें ठेवाव्या लागतात. उबेनें त्या निकामी होतात, तशाच गोठल्यानेंही होतात. म्हणून वरच्या कप्प्याचा आश्रय घेण्याची सोय नाहीं. ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या मडक्याची युक्ति उन्हाळ्यांत चांगली चालते, पण पावसाळ्याच्या दमट हवेंत पाणी उडून जात नाहीं, मग गारवा यावा कोठून? शेवटीं शेजारच्या मावशींनीं आपल्या फ्रीजमध्यें मधल्या फळीवर जागा करून दिली. "आजीचं औषध माझ्याकडं राहूं दे, तुम्ही यंत्राकडं बघा," असें त्या म्हणाल्या, आणि आमचा जीव भांड्यांत पडला.

कारागिरानें दूरध्वनीवरूनच निदान सांगितलें, कीं आंतील वायु संपला असावा. हें आम्हांस पटेना. वायु निघून गेला असता तर वरची मासळी अशी टणक कां राहती? खालच्या कप्प्यांत ज्या झरोक्यांतून गार वारा येतो, तेथें हात धरून पाहिला. वाऱ्याचा लेशही लागला नाहीं. थंडी उत्पन्न होत होती, परंतु खालीं उतरत नव्हती.

विजेची जोडणी काढून व सर्व सामान बाहेर ठेवून आम्हीं वरच्या कप्प्याचा मागील पडदा उघडला. पाहतों तों शीतनळ्यांच्या जागीं पांढरी भिंत उभी, आणि पंख्याचीं पातीं तींत रुतलेलीं!

येथें बालवाचक विचारतील, कीं बर्फ तर थंड. मग त्यानें थंडी कशी अडावी? १८३३ सालीं बोस्टनहून 'टस्कनी' नांवाचें जहाज नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्यास आलें. सुमारें चार महिन्यांच्या त्या प्रवासांत १८० टनांपैकीं १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक राहिला, कारण भोंवतालीं झाडाच्या सालीचा कोरडा भुसा होता. भुशांत कोंडलेली हवा उष्णतेस वाट देत नाहीं. नळ्यांवर जमणारें हिमही तसेंच भुसभुशीत व हवेनें भरलेलें असतें. तें नळ्यांस जणुं गोधडी पांघरतें, आणि वाऱ्याचा मार्गही बुजवितें.

धाकट्या भावानें सुरी आणली. वडिलांनीं ती तत्काळ काढून घेतली. त्या नळ्यांच्या पातळ धातूस एक भोंक पडलें, तर वायु संपल्याचें निदान खरें ठरावयास उशीर लागला नसता! दोन्ही दारें उघडीं ठेवून खालीं जुनीं धोतरें पसरलीं, आणि आंत कढत पाण्याचें पातेलें ठेवून तें वारंवार बदललें. रात्रभर टपटप चालली होती. तळाशीं पाणी वाहून जाण्याचें भोंक असतें, त्यांत बर्फाचें बूच बसलें होतें. तें कोमट पाण्यानें सुटलें.

एवढी वाफ आंत आली कोठून, हा प्रश्न उरलाच. दार लावतांना कागदाची पट्टी मध्यें धरावी व ओढून पाहावी. इतरत्र ती अडली. वरच्या दाराच्या एका कोपऱ्यांत मात्र विनासायास निघून आली. तेथील रबरी कड मीठ, वाळू व बुरशी यांनीं ताठ झाली होती. समुद्रकांठची ओलसर हवा अहोरात्र तेथूनच शिरत असली पाहिजे. साबणाच्या कोमट पाण्यानें धुतल्यावर ती मऊ पडली व पट्टी घट्ट धरूं लागली.

सर्व कोरडें करून यंत्र सुरू केलें. दुसऱ्या सकाळीं खालच्या फळीवरील पाण्याच्या पेल्यांत तापमापक बुडविला, तों पारा ५ अंशांवर. तरी आजीनें कुप्या आणूं दिल्या नाहींत. आणखी दोन दिवस पाहा, म्हणाली. तिचें म्हणणें रास्त होतें. अशा यंत्रांत हिम वितळविण्यासाठीं एक तापक तार ठराविक काळानें आपोआप तापते. ती किंवा तिचें नियंत्रक बिघडलें असेल, तर आठ-पंधरा दिवसांत बर्फ पुन्हां सांचतो, आणि मग कारागिरास बोलावणेंच प्राप्त. आमच्याकडे श्रावण सरला तरी तो सांचला नाहीं. कुप्या तिसऱ्याच दिवशीं परत आल्या होत्या. मावशींनीं त्यांच्याबरोबर सुक्या बोंबलांची जुडीही धाडली.